वाचक विचारतात : सीपीयू कोण खायलंय?

या महिन्यातल्या पत्रांमधे अन् मेसेजमधे एकच तक्रार फिरून फिरून दिसली, मशीन स्लो झालंय, पंखा घरघर करायलाय, दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारून टाकू. म्हणून यावेळी सगळं सदर एकाच गोष्टीला दिलंय, चालू प्रोसेस, म्हणजे मशीनमधे त्या क्षणी चालणारे प्रोग्रॅम, टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, बघायच्या कशा. फॉरमॅट मारला की दुखणं अन् दुखण्याचा पुरावा दोन्ही एकदम जातात, महिनाभरात तेच परत येतं अन् तेव्हाही कळत नाही की झालं होतं काय, हे मला मनापासून खटकतं. बघायला पैसे लागत नाहीत, चार-सहा अक्षरं टाइप करावी लागतात. कमांड इथं देवनागरीत छापल्यात, तुम्ही टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटरमधे करा, जिथं कॅपिटल लागतं तिथं मी तसं लिहिलंय.

प्रश्न : ताई, माझं उदगीर तालुक्यात सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा असली कामं. डेस्कटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी, भाच्यानं त्यात उबुंटू लिनक्स टाकून दिलं. एरवी बरं चालतं पण पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत दारात शेतकऱ्यांची लाईन लागती अन् नेमकं तवाच मशीन अडकून बसतं, माऊस बी हलत नाही. भाचा म्हणला टॉप मारून बघ, मारली तर निस्ते आकडे पळायलेत, त्यातलं बघायचं काय?
— सेवा केंद्र चालक, उदगीर

उत्तर : भाऊ, भाच्यानं बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. कंट्रोल, ऑल्ट अन् टी एकदम दाबलं की टर्मिनल उघडतं, तिथं टॉप टाइप करून एंटर मारा, कुठली प्रोसेस किती सीपीयू अन् रॅम खाते त्याची चालती यादी येते. मूळची टॉप विल्यम लेफेब्वर यांनी १९८४ मधे बीएसडी युनिक्ससाठी लिहिली, लिनक्समधली नंतर वेगळी लिहिली गेली पण ढंग तोच, अन् मोठमोठे सर्व्हर सांभाळणारे लोकही मशीन अडलं की पहिल्यांदा हीच उघडतात. आकडे साधारण दर ३ सेकंदांनी बदलतात म्हणून ते पळताना दिसतात. सगळे वाचायचे नसतात, मोजक्या जागा बघायच्या.

पहिल्या ओळीच्या शेवटी लोड ॲव्हरेज म्हणून तीन आकडे आहेत, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. गिरणीत चक्क्या दोन अन् दळणाचे डबेही दोनच असले तर कुणाला थांबावं लागत नाही, सहा डबे आले की चार लाईनीत बसतात, तसं हे. तुमच्या मशीनला अशा चक्क्या, म्हणजे कोअर, किती आहेत ते एनप्रॉक ही कमांड सांगते. उत्तर २ आलं अन् लोड १.४ असेल तर निवांत रहा, लोड ९ असेल तर लाईन लागलीय. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर ओझं आत्ता वाढायलंय, लहान असेल तर उतरायलंय.

पण लोड जास्त दिसला म्हणजे सीपीयूच दमलाय असं लगेच धरू नका, कारण लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतं. हे दोन वेगळे करायचे तर तिसरी ओळ बघा, सीपीयूची. तिथं यूएस म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमनी वापरलेला वेळ, आयडी म्हणजे सीपीयू रिकामा बसलेला वेळ आणि डब्ल्यूए म्हणजे डिस्ककडून उत्तर येईपर्यंत वाट बघण्यात गेलेला वेळ. यूएस ९० अन् आयडी शून्याजवळ असेल तर कुठला तरी प्रोग्रॅम सीपीयू खायलाय. यूएस थोडं अन् डब्ल्यूए ४०-५० असेल तर सीपीयूचा काही दोष नाही, हार्ड डिस्क पुरी पडत नाही.

त्याखालच्या दोन ओळी रॅम आणि स्वॅपच्या, स्वॅप म्हणजे रॅम पुरली नाही की तिच्याऐवजी वापरायची डिस्कवरची जागा. इथं बरेच जण फ्री हा आकडा छोटा बघून घाबरतात. लिनक्स मोकळी रॅम रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फाइली तिथं धरून ठेवतं अन् कुणाला गरज पडली की ती जागा लगेच सोडतं, त्यामुळं फ्री नाही, अव्हेल लिहिलेला आकडा बघायचा. टॉपमधे तो स्वॅपच्या ओळीच्या शेवटी असतो. हेच साध्या तक्त्यात हवं असेल तर टॉपमधून क्यू दाबून बाहेर या अन् फ्री, स्पेस, डॅश एच टाइप करा. अव्हेलेबल १०० एमबीच्या आसपास आलं, वापरलेला स्वॅप वाढत चाललाय अन् टॉपच्या यादीत केस्वॅपडी-शून्य नावाची प्रोसेस वर आलीय, असं तिन्ही एकदम दिसलं तर रॅम संपलीय, दुसरं काही नाही. माऊससुद्धा हलत नाही म्हणताय त्यावरून मला दाट शंका हीच आहे. रॅममधली पानं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, डिस्कवर टाक, तिथून परत आण, यातच मशीनचा सगळा वेळ जातो.

आता रॅम खातंय कोण ते. टॉप चालू असताना कॅपिटल एम दाबलं की यादी मेमरीप्रमाणे लागते, कॅपिटल पी दाबलं की सीपीयूप्रमाणे. फायरफॉक्स वापरत असाल तर तिथं आयसोलेटेड वेब को अशा अर्धवट नावाच्या चार-पाच ओळी दिसतील, तो व्हायरस नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेसच्या नावाची फक्त १५ अक्षरं ठेवतं, त्यामुळं पुढचं नाव कापलं गेलंय. वेगवेगळ्या साइटला फायरफॉक्स वेगळी प्रोसेस देतो, म्हणजे विम्याचं पोर्टल, महसूलचं पोर्टल, मेल अन् मधेच उघडून ठेवलेला यूट्यूब, प्रत्येकाचा रॅमचा हिस्सा वेगळा. कुठली टॅब किती खाते ते फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमधे अबाउट, कोलन, प्रोसेसेस टाइप करून कळतं, क्रोममधे शिफ्ट आणि एस्केप दाबून.

यादी पळू नये, एक फोटो काढल्यासारखी स्थिर हवी असेल तर पीएस. पीएस, स्पेस, एयूएक्स, मधे डॅश लावायचा नाही, मग स्पेस देऊन डबल डॅश सॉर्ट, बरोबर, वजा, टक्का, मेम, सगळं जोडून, पुढं उभी दांडी अन् हेड. सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्या प्रोसेस वर येतात. एक ओळ कशी वाचायची ते बघा. समजा लिहिलंय : केंद्र, ४१२७, ३८.२, २१.५, २८९३४१२, ८४२३००, प्रश्नचिन्ह, एसएल, १०:४२, ६:१५ अन् शेवटी फायरफॉक्सचा लांबलचक पत्ता. केंद्र हा युजर. ४१२७ हा पीआयडी, प्रोसेसचा नंबर, पुढं काहीही करायचं तर हाच लागतो. ३८.२ हा सीपीयूचा टक्का, २१.५ रॅमचा. २८९३४१२ ही व्हीएसझेड, प्रोसेसनं मागून ठेवलेली जागा, तिच्याकडं दुर्लक्ष करा, एवढी खरोखर वापरलेली नसते. कामाचा आकडा ८४२३००, ही आरएसएस, खरी रॅममधली जागा केबीमधे, म्हणजे साधारण ८२२ एमबी, तुमच्या ४ जीबीतला पाचवा हिस्सा एका टॅबनं घेतला. मात्र सगळ्या ओळींची आरएसएस बेरीज करायला जाऊ नका, सामायिक पानं प्रत्येकीच्या नावावर मोजली जातात, बेरीज रॅमच्या वर जाऊ शकते. प्रश्नचिन्ह म्हणजे ही कुठल्या टर्मिनलमधून चालू केलेली नाही. एसएलमधलं एस म्हणजे सध्या झोपलीय, कामाची वाट बघते. १०:४२ ला सुरू झाली अन् तेव्हापासून सीपीयूवर एकूण ६ मिनिटं १५ सेकंद घालवली, तुम्ही १०:५८ ला बघत असाल तर सोळा-सव्वासोळा मिनिटांतली सव्वासहा मिनिटं, म्हणून ३८ टक्के. हिंगोलीहून एका वाचकानं विचारलं होतं की पीएसमधला सीपीयूचा टक्का टॉपशी जुळत नाही, त्याचंही उत्तर यातच आहे, पीएस प्रोसेसच्या जन्मापासूनची सरासरी देतं, टॉप गेल्या ३ सेकंदांचं देतं. आत्ता कोण धिंगाणा घालतंय ते टॉपलाच विचारा.

मशीन पुरतं अडकलं तर बटण दाबून बंद करू नका. कंट्रोल, ऑल्ट अन् एफ३ दाबा, थोडा वेळ लागेल पण काळा पडदा येतो, तिथं लॉगिन करा, टॉप मारा, कॅपिटल एम दाबून वरच्या टॅबचा पीआयडी बघा, क्यू दाबून बाहेर या अन् किल, स्पेस, तो पीआयडी. टॅब पडते, मशीन सुटतं, कंट्रोल ऑल्ट एफ२ नं परत स्क्रीनवर, काही मशीनवर ते एफ१ किंवा एफ७ वर असतं. दारात शेतकरी रोजगार बुडवून उभा असताना पूर्ण रीस्टार्टपेक्षा हे लवकर होतं. अन् सीझनच्या आधी रॅम ८ जीबी करून घ्या, हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर तिच्या जागी एसएसडी, एवढ्या खर्चात हे मशीन अजून चांगलं चालेल.

प्रश्न : ताई, मी छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. फोर्कचं, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी काढायचं, प्रॅक्टिकल करताना एक प्रोसेस तयार झाली, पीएसमधे तिच्यापुढं डिफंक्ट लिहून यायलंय. किल मायनस नाईन किती वेळा मारलं तरी जाईना. लॅबमधे सगळे म्हणायलेत रीस्टार्ट कर. नाईन पण चालत नाही असं कसं?
— विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अगं, ती आधीच मेलेली आहे, मेलेल्याला परत कसं मारणार. पीएसमधे स्टॅटच्या रकान्यात तिथं झेड दिसत असेल, तिला झोंबी म्हणतात. तिचा कोड, तिची मेमरी सगळं कर्नलनं कधीच परत घेतलंय, उरलीय फक्त प्रोसेस टेबलमधली एक नोंद, ज्यात ती कशी संपली तो एक्झिट कोड आहे. ही नोंद तिच्या पॅरेंटनं, म्हणजे जिनं तिला जन्म दिला त्या प्रोसेसनं, वेट कॉल करून उचलायची असते, तुझ्या प्रोग्रॅममधे पॅरेंटनं ते केलेलं नाही, म्हणून नोंद पडून आहे. नाईन प्रोसेसला संपवतो, इथं संपवायला प्रोसेसच नाही.

मग धरायचं पॅरेंटला. पीएस, स्पेस, डॅश ईएफ मारलं की दुसरा रकाना पीआयडी, तिसरा पीपीआयडी, तोच पॅरेंटचा नंबर. पीएसट्री, स्पेस, डॅश पी मारलंस तर सगळी वंशावळ फांद्यांसकट दिसते, मला ही कमांड शिकणाऱ्या पोरापोरींसाठी सगळ्यात आवडते कारण फोर्क पुस्तकात कळत नाही ते तिथं एका नजरेत कळतं. पॅरेंट संपला की पोरक्या झालेल्या झोंबीला पीआयडी १, म्हणजे बहुतेक मशीनवर सिस्टमडी, दत्तक घेतो अन् तिची नोंद साफ करतो. रीस्टार्टची काहीच गरज नाही.

प्रॅक्टिकलसाठी एक कर. चाइल्ड लगेच एक्झिट होऊ दे, पॅरेंटला ६० सेकंद स्लीप दे, अन् दुसऱ्या टर्मिनलमधून पीएस मारून बघ, मिनिटभर झोंबी दिसेल अन् मग आपोआप जाईल. मग पॅरेंटमधे स्लीपच्या आधी वेट घाल अन् परत बघ. व्हायवाला हे करून दाखवलंस तर वेगळं पाठांतर लागणार नाही.

आणखी एक अवस्था अशीच नाईनला दाद देत नाही, ती डी. तिथं प्रोसेस जिवंत असते पण कर्नलच्या आत डिस्कच्या किंवा नेटवर्कवरल्या ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघत अडकलेली असते, ती वाट संपल्याशिवाय सिग्नल लागू होत नाही. खराब पेनड्राइव्हवर कॉपी लावली की हे हमखास बघायला मिळतं. डी दिसलं तर प्रोसेसच्या नाही, हार्डवेअरच्या मागं लागायचं.

अन् नाईनची सवय सोड. आकडा न देता नुसतं किल मारलं की १५ नंबरचा सिग्नल जातो, टर्म, त्यात प्रोग्रॅमला फाइल सेव्ह करायला, तात्पुरत्या फाइली पुसायला वाव मिळतो. नाईन प्रोग्रॅमला कळूसुद्धा देत नाही, डेटाबेस लिहीत असताना मारला तर अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. आधी १५, पाच-दहा सेकंद थांब, मग दुसरा इलाज नसेल तरच ९.

प्रश्न : मी परभणीला कृषीमधे संशोधन करतोय, मराठवाड्यातल्या पावसाच्या जुन्या नोंदींवर पायथनमधे काम आहे. विभागाच्या सर्व्हरवर गावाकडून लॅपटॉपनं लॉगिन करून स्क्रिप्ट लावतो, रात्री लाईट गेली की वायफाय जातं अन् सकाळी बघतो तर स्क्रिप्ट बंद. दुसरं म्हणजे बाकीचे विद्यार्थी म्हणायलेत की तुझ्यामुळं सर्व्हर स्लो होतो. टॉपमधे माझ्या स्क्रिप्टला ३९८ टक्के सीपीयू दिसतो, १०० च्या वर कसं जातं हे?
— संशोधक विद्यार्थी, परभणी

उत्तर : टक्क्याचं आधी सांगते. टॉपमधे १०० म्हणजे एक पूर्ण कोअर. तुमची स्क्रिप्ट चार कोअरवर पसरलीय म्हणून ३९८. टॉप चालू असताना १ चा आकडा दाबा, प्रत्येक कोअरची वेगळी ओळ दिसेल, सर्व्हरला ३२ कोअर असतील तर तुमच्यावरचा आरोप फुसका आहे, ४ च असतील तर बाकीच्यांचं म्हणणं खरं आहे.

खरं असेल तर नाइस वापरा. स्क्रिप्ट लावतानाच नाइस, स्पेस, डॅश एन, स्पेस, १० अन् पुढं तुमची नेहमीची कमांड. आधीच चालू असेल तर रीनाइस, डॅश एन १०, डॅश पी अन् पीआयडी. हा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत असतो, जितका मोठा तितकी प्रोसेस दुसऱ्याला आधी वाट देते. साधा युजर तो वाढवू शकतो, परत खाली आणायला ॲडमिन लागतो. दिवसा बाकीचे काम करत असतील तेव्हा तुमची स्क्रिप्ट मागं राहील अन् रात्री सर्व्हर रिकामा झाला की पूर्ण वेगानं चालेल, तुमचं फारसं काही जात नाही. शेअर्ड सर्व्हरवर एवढं केलंच पाहिजे असं मला वाटतं.

स्क्रिप्ट मरते कारण लॉगिन तुटलं की त्या टर्मिनलमधल्या प्रोसेसना हँगअप सिग्नल जातो अन् त्या बंद होतात. टीमक्स सर्व्हरवर आहे का बघा. लॉगिन केल्यावर टीमक्स टाइप करायचं, आत स्क्रिप्ट लावायची, मग कंट्रोल बी दाबून सोडायचं अन् डी दाबायचं, तुम्ही बाहेर येता, स्क्रिप्ट आत चालू राहते. गावात लाईट गेली काय अन् लॅपटॉप बंद पडला काय, सर्व्हरवर फरक पडत नाही. सकाळी टीमक्स अटॅच मारलं की जिथं होतं तिथं. टीमक्स नसेल तर कमांडच्या आधी नोहप अन् शेवटी अँडचं चिन्ह लावा.

सकाळी स्क्रिप्ट चालू दिसली म्हणजे काम पुढं सरकलंय असंही नाही, हे तपासायला पीएस, डॅश यू, तुमचं युजरनेम, डॅश ओ अन् पुढं पीआयडी, ईटाइम, टाइम, सीएमडी, मधे नुसते स्वल्पविराम. ईटाइम म्हणजे सुरू होऊन किती वेळ झाला, टाइम म्हणजे त्यातला सीपीयूवर खरा किती गेला. ईटाइम ९ तास अन् टाइम ८ तास असेल तर स्क्रिप्ट राबायलीय. ईटाइम ९ तास अन् टाइम २ मिनिटं असेल तर ती कशाची तरी वाट बघत बसलीय, डाउनलोड अडकलं असेल, फाइलला लॉक असेल, तिला आणखी रात्रभर सोडून काही होणार नाही.

अन् कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहीत असाल तर आजच थांबवा. साधारण सेटिंग असलेल्या लिनक्सवर पीएस मारणाऱ्या कुणालाही दुसऱ्याची पूर्ण कमांड दिसते, पासवर्डसकट. तो वेगळ्या फाइलमधे ठेवा अन् फाइलची परवानगी फक्त स्वतःला द्या.

प्रश्न : नमस्कार ताई. जालन्याला आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ऑर्डर घ्यायला एकाकडून वेबसाइट करून घेतली, ती भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर आहे. गेल्या आठवड्यापासून साइट उघडायला लय वेळ लागायलाय. पुतण्यानं टॉप मारली तर केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची प्रोसेस १०० टक्के सीपीयू खायलीय. नेटवर बघितलं तर असं नाव कर्नलचंच असतं म्हणतात. मारली तर मिनिटभरात परत येती. राहू द्यायची का काढायची?
— दुकानदार, जालना

उत्तर : दादा, हे कर्नलचं नाही, तुमचा सर्व्हर कुणीतरी क्रिप्टो काढायला वापरायलंय. कर्नलचा खरा थ्रेड, म्हणजे कर्नलची स्वतःची आतली प्रोसेस, केडेव्हटीएमपीएफएस, शेवटी आय हे अक्षर नाही. फसवायलाच एक अक्षर जोडलंय.

नावावर कधीच जाऊ नका, नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. पीएस एयूएक्समधे कर्नलचे थ्रेड चौकोनी कंसात दिसतात, त्यांची आरएसएस शून्य असते, पीएस डॅश ईएफमधे त्यांचा पॅरेंट पीआयडी २ असतो. तुमच्या प्रोसेसला शेकडो एमबी रॅम दिसत असेल तर तिथंच सोंग उघडं पडतं. पक्कं बघायचं तर सुडो (म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकारानं चालव), एलएस, डॅश एल, स्पेस, स्लॅश प्रॉक, स्लॅश, तिचा पीआयडी, स्लॅश, ईएक्सई. स्लॅश प्रॉक हा फोल्डर डिस्कवर नसतो, कर्नल तो जागच्या जागी तयार करतं, पीएस अन् टॉपसुद्धा सगळी माहिती तिथूनच उचलतात. या कमांडचं उत्तर प्रोसेस कुठल्या फाइलमधून चालली ते सांगतं. स्लॅश टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधली फाइल दिसली, अन् पुढं डिलीटेड लिहिलेलं असलं, तर शंकेला जागाच नाही, भली प्रोसेस स्वतःची फाइल पुसून टीएमपीमधून चालत नाही.

परत येते कारण तिच्या जोडीला किन्सिंग नावाची दुसरी प्रोसेस असते, ती पहिली पडली की उचलून लावते, अन् वर क्रॉनमधेही, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत, ओळ घातलेली असते. पीग्रेप, डॅश ए, किन्सिंग मारून बघा. क्रॉनटॅब, डॅश एल प्रत्येक युजरचं बघा, रूटचं, म्हणजे ॲडमिनचं, अन् ज्या युजरनं ही प्रोसेस चाललीय त्याचंही. तपासेपर्यंत साइट चालू ठेवायची असेल तर मारू नका, थांबवा : किल, डॅश, कॅपिटलमधे एसटीओपी, मग पीआयडी. सीपीयू शांत होतो अन् प्रोसेस जागेवर राहते, तिची माहिती बघता येते.

शिरली कुठून हे जास्त महत्त्वाचं. एसएस, स्पेस, डॅश एलटीएनपी सुडोसकट मारा, कुठला प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या नंबरच्या दारावर, ऐकतोय ते दिसेल. रेडिस (डेटा साठवणारा प्रोग्रॅम) ६३७९ वर किंवा डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) २३७५ वर सगळ्या जगासाठी उघडं असेल, पासवर्ड नसेल, तर बहुतेक दार तेच, हा मालवेअर असलीच उघडी दारं शोधत फिरतो. साइट करून देणाऱ्याला ही यादी दाखवा अन् विचारा की बाहेर वेबसाइटचे ८० अन् ४४३ सोडून दुसरं काय अन् कशाला उघडं आहे.

नुसती साफसफाई करून भागेल असं मी म्हणणार नाही. असले मालवेअर काही वेळा सिस्टमच्या लायब्ररीत शिरून पीएस अन् टॉपलाच खोटं दाखवायला लावतात, मग तुम्ही बघताय ते खरं का हेच कळत नाही. ऑर्डरचा डेटा अन् फोटो बाहेर काढा, सर्व्हर नवा कोरा करून घ्या, पासवर्ड अन् लॉगिनच्या की सगळ्या बदला, फायरवॉल लावून मगच साइट चढवा. सदराच्या सुरुवातीला मी फॉरमॅटच्या विरोधात बोलले, इथं मात्र तोच इलाज आहे, कारण दुखणं काय अन् आलं कुठून ते आता हातात आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमधे सगळीकडं विंडोज आहे. हे टर्मिनलचं काम फक्त लिनक्सवाल्यांचंच का? मुलांना दाखवायचं होतं.
— शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : नाही सर, विंडोजमधेही आहे. स्टार्टमधे सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा अन् टास्कलिस्ट मारा, नाव, पीआयडी अन् मेमरी सगळं येतं. बंद करायला टास्ककिल, स्पेस, स्लॅश पीआयडी, स्पेस, नंबर, ऐकलं नाही तर शेवटी स्लॅश एफ. एसव्हीसीहोस्ट नावाच्या पुष्कळ ओळी बघून मुलं घाबरतील, त्या विंडोजच्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोसेस आहेत, टास्कलिस्ट, स्लॅश एसव्हीसी मारलं की कुठलीत काय चाललंय ते समोर येतं. मुलांना नोटपॅड उघडायला लावा, यादीत शोधायला लावा, स्वतः बंद करायला लावा, एका तासात प्रोसेस म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसतं.

प्रश्न : लातूरला आमचे क्लासेस आहेत, लेक्चरचे व्हिडिओ स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवरून दाखवतो. डिस्क १०० टक्के भरली म्हणून २० जीबीची लॉग फाइल, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, डिलीट केली, फाइल गेली पण डीएफ या डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या कमांडमधे डिस्क अजून १०० टक्केच दाखवायलीय. जागा गेली कुठं?
— क्लासेसचे संचालक, लातूर

उत्तर : जागा प्रोसेसकडं आहे. लिनक्समधे फाइल डिलीट केली की फोल्डरमधलं नाव जातं, पण एखाद्या प्रोसेसनं ती उघडून ठेवली असेल तर आतला मजकूर ती बंद करेपर्यंत डिस्कवर तसाच राहतो, अन् त्यात पुढं लिहिणंही चालू असतं. म्हणून डीयू, जी फोल्डरमधल्या फाइलींची बेरीज करते, जागा कमी दाखवतं अन् डीएफ भरलेली दाखवतं.

कुणी धरलीय ते बघायला सुडो, एलएसओएफ, स्पेस, प्लस, कॅपिटल एल, १, हे शेवटचे तिन्ही जोडून. पुढं डिलीटेड लिहिलेल्या फाइली, त्यांचा साइज अन् धरून बसलेल्या प्रोसेसचा पीआयडी येईल. तुमच्याकडं ती बहुतेक वेब सर्व्हर किंवा व्हिडिओ सर्व्हिस निघेल. पोरं लेक्चर बघत नसतील अशा वेळी ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, जागा लगेच मोकळी दिसेल. पुढच्या वेळी चालू लॉग डिलीट करू नका, ट्रंकेट, डॅश एस, ०, अन् फाइलचं नाव असं करून तिथल्या तिथं रिकामी करा, अन् लॉग वेळच्या वेळी छाटणारं लॉगरोटेट लावून घ्या म्हणजे ती एवढी वाढणारच नाही.